इजिप्तच्या किनाऱ्यावरच्या अबूकीरच्या लढाईत (१७९८) इंग्रज जहाजं फ्रेंच रांग आणि किनारा यांच्या मधे घुसलीच कशी?

फ्रेंच अ‍ॅडमिरल ब्रुएसने आपली १३ मोठी जहाजं फक्त पुढच्या नांगरावर उभी केली होती आणि रांगेचं टोक उथळ पाण्याला पुरेसं भिडवलं नव्हतं, म्हणून. एकाच नांगरावरचं जहाज वाऱ्याबरोबर गोल फिरतं. म्हणजे त्याच्या भोवती फिरण्याइतकं खोल पाणी असणारच, आणि जिथे ते फिरू शकतं तिथून शत्रूही जाऊ शकतो. १ ऑगस्टच्या संध्याकाळी इंग्रज 'गोलायथ'चा कप्तान फोली नेमकं हेच ताडून रांगेतल्या पहिल्या जहाजाला, 'गेरिए'ला, वळसा घालून आत शिरला. किनाऱ्याकडच्या, म्हणजे डाव्या बाजूच्या तोफा बऱ्याच फ्रेंच जहाजांवर सज्जच नव्हत्या, आणि विहिरी खणायला वगैरे गेलेले पुष्कळ खलाशी जमिनीवर होते. वारा रांगेच्या डोक्याकडून वाहत असल्याने मागच्या जहाजांना मदतीला येणंही अवघड. रात्री दहाच्या सुमारास ब्रुएसचं स्वतःचं जहाज 'लोरियां' स्फोटात उडालं. तो स्वतः त्याआधीच मेला होता. मात्र सगळीच इंग्रज जहाजं फ्रेंच रांगेपर्यंत पोहोचली असं नाही: 'कलोडन' खाडीत शिरतानाच उथळ पाण्यात रुतलं. आणि आत शिरायची कल्पना फोलीची की आधीच ठरलेली, यावर इतिहासकारांत अजून वाद आहे.