गड चढताना दम लागतो, पण मांड्या दुखतात त्या उतरल्यावर. स्नायूंमध्ये नेमके काय घडते?

आपण विचारले आहे की ब्रह्मगिरी चढताना धाप लागली, उतरताना फारसे काही जाणवले नाही, आणि तरीही दुसऱ्या दिवशी मांड्या इतक्या भरून आल्या की घराचा जिना उतरणे कठीण झाले. हे असे का होते, आणि स्नायू मुळात काम कसे करतात? मी नाशिकमध्ये फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवते आणि त्र्यंबकच्या त्या पायऱ्या मीही अनेकदा चढले-उतरले आहे. आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी, स्नायूच्या रचनेत, आहे.

स्नायू फक्त ओढू शकतो; ढकलणे त्याला शक्य नसते. म्हणून गुडघा सरळ करणारा स्नायू मांडीच्या पुढच्या बाजूला असतो आणि तो दुमडणारे स्नायू मागच्या बाजूला. पुढचा स्नायू चार भागांचा असून त्याची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा चिवट पट्टा, गुडघ्याच्या वाटीला धरून पुढे नडगीच्या हाडाला जोडलेली असते. हा स्नायू आडवा कापून पाहिला तर तो दोरखंडासारखा दिसतो: दोरखंडात पेड, पेडात धागे, तसे स्नायूत जुडगे आणि जुडग्यात तंतू. संपूर्ण स्नायूभोवती, प्रत्येक जुडग्याभोवती आणि प्रत्येक तंतूभोवती संयोजी ऊतींचे आवरण असते. विद्यार्थी या आवरणांना नुसते वेष्टन समजतात आणि पाठ करून पुढे जातात, याचे मला वाईट वाटते. कारण हीच आवरणे टोकाला एकत्र येऊन कंडरेत मिसळतात आणि तंतूंनी लावलेला जोर हाडापर्यंत पोहोचवतात.

यातील एक तंतू म्हणजे एक पेशी. ती केसाइतकी किंवा त्याहून बारीक, पण कित्येक सेंटीमीटर लांब असू शकते, आणि तिच्यात एक नव्हे तर शेकडो केंद्रके असतात. तिच्या आत आणखी बारीक तंतुके उभी भरलेली असतात आणि प्रत्येक तंतुक हे सार्कोमिअर नावाच्या लहान कप्प्यांची माळ असते. एक कप्पा सुमारे २ ते २.५ मायक्रोमीटर लांबीचा, म्हणजे एका सेंटीमीटरमध्ये असे चार हजारांहून अधिक कप्पे एकापुढे एक बसतात. शाळेत ज्यांना आपण पट्टकी स्नायू म्हणून शिकलो, त्यांचे पट्टे या कप्प्यांचेच आहेत.

प्रत्येक कप्प्यात ॲक्टिन या प्रथिनाचे पातळ आणि मायोसिन या प्रथिनाचे जाड धागे एकमेकांत सरकवून ठेवलेले असतात. स्नायू आखडतो तेव्हा हे धागे स्वतः आखूड होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात. ही कल्पना १९५४ साली अँड्र्यू हक्सले व रॉल्फ नीडरगर्के आणि ह्यू हक्सले व जीन हॅन्सन या दोन जोड्यांनी स्वतंत्रपणे मांडली. मायोसिनला बारीक डोकी असतात. विहिरीतून पोहरा ओढताना आपला एक हात दोर धरून खेचतो, सोडतो आणि पुन्हा पुढचा दोर धरतो, तसे प्रत्येक डोके ॲक्टिनला धरते, सुमारे १० नॅनोमीटर खेचते आणि सोडते.

हे कधी घडायचे ते चेतापेशी ठरवते. मेरुरज्जूतून निघालेला संदेश चेतातंतूच्या टोकाशी पोहोचला की तेथे ॲसिटिलकोलीन हे संदेश पोहोचवणारे रसायन सुटते, स्नायुपेशीवर विद्युत लहर पसरते आणि पेशीच्या आतल्या जालिकेत, म्हणजे पडद्याच्या नळ्यांच्या जाळ्यात, साठवलेले कॅल्शियम बाहेर येते. एरवी ॲक्टिनवरच्या धरण्याच्या जागा झाकलेल्या असतात. कॅल्शियममुळे त्या उघड्या पडतात. मला यातली सर्वांत विलक्षण वाटणारी बाब पुढची आहे: डोक्याला ॲक्टिन सोडण्यासाठीही एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, लागते, आणि कॅल्शियम पुन्हा जालिकेत भरण्यासाठीही. म्हणजे सैल पडणे हेदेखील खर्चाचे काम आहे. मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठरते, ते एटीपी संपल्यामुळे डोकी धरलेल्या जागीच अडकून राहतात म्हणून.

आता ब्रह्मगिरीकडे येऊ. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखूड होत शरीराला वर उचलतो. असंख्य डोकी धरतात, खेचतात, सोडतात, एटीपी भराभर खर्च होते, ते पुन्हा तयार करण्यासाठी प्राणवायू हवा, म्हणून धाप लागते. उतरताना गुडघा शरीराच्या भाराखाली दुमडत जातो आणि तोच स्नायू ताणात राहून लांबत लांबत तो भार सावरतो. तो नसता तर आपण प्रत्येक पायरीवर कोसळलो असतो. अशा वेळी डोकी बाहेरच्या भाराने ओढून सोडवली जातात, त्यामुळे एटीपी कमी लागते आणि कमी तंतूंनी काम भागते. दम लागत नाही तो यामुळे. परंतु कामाला लागलेल्या प्रत्येक तंतूवर येणारा ताण मात्र मोठा असतो. काही सार्कोमिअर प्रमाणाबाहेर ताणले जातात, त्यांची रचना विस्कटते, भोवतालची आवरणेही दुखावतात. मग दुरुस्तीसाठी दाह सुरू होतो, तेथील वेदनातंतू संवेदनशील होतात, आणि हे सारे सावकाश होत असल्याने दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचते.

आपण ‘अंग आंबले’ म्हणतो, आणि कदाचित त्या शब्दामुळेच हे दुखणे लॅक्टिक आम्लाचे आहे ही समजूत आपल्याला पटकन पटते. ती बरोबर नाही. श्रमात तयार झालेले लॅक्टेट साधारण तासा-दोन तासांत रक्तातून निघून जाते, शिवाय ते चढताना अधिक तयार होते. दुखणे मात्र उतरण्याचे असते.

हे दुखणे बहुधा आठवड्याभरात आपोआप जाते. हलके चालत राहावे, जोरात मालिश करून घेऊ नये. मात्र लघवीचा रंग काळपट किंवा गडद तपकिरी झाला, अथवा सूज आणि अशक्तपणा वाढत गेला, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे, कारण तंतू मोठ्या प्रमाणावर फुटल्यास मूत्रपिंडांना धोका पोहोचतो.

एकदा असा ताण सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे तोच ताण बराच सहज सोसतो. त्यामुळे हरिहर किंवा सप्तशृंगीचा बेत असेल, तर दोन आठवडे आधी पांडवलेण्याच्या पायऱ्या दोन-तीनदा चढून उतराव्यात, आणि उतरताना घाई करू नये. तयारी घडते ती उतरतानाच.