अल्बेर्टो लिझ्झिओ, अँटोन नानुट अशा खोट्या कंडक्टरांच्या नावांनी निघालेल्या जुन्या पाश्चात्त्य शास्त्रीय एलपी जमवाव्यात का? खरा कलाकार कसा ओळखायचा?

जमवा. फक्त अनोळखी नावामागे हमखास कुणीतरी दिग्गज असेल, या आशेवर पैसे घालू नका.

तसंही घडलंय म्हणा. 1954 मध्ये अमेरिकेत एली ओबरस्टाइनच्या अ‍ॅलेग्रो लेबलवर वाग्नरचं अख्खं 'रिंग', म्हणजे चार ऑपेरांची मालिका, निघालं, कंडक्टर 'फ्रिट्झ श्रायबर'. प्रत्यक्षात तो जर्मनीतल्या बायरॉइटच्या वाग्नर महोत्सवातला 1953 चा प्रयोग होता, कंडक्टर योझेफ काइलबर्ट. त्यात गायलेल्या रेजिना रेझनिकने स्वतःचाच आवाज ओळखला आणि संच मागे घ्यावा लागला.

पण तुम्ही प्रश्नात अल्बेर्टो लिझ्झिओ आणि अँटोन नानुट या दोघांना एकाच ओळीत बोगस ठरवलंत, म्हणून लिहायला बसलो. लिझ्झिओ हे आल्फ्रेड शोल्झने, म्हणजे स्वस्तातल्या लेबलांना टेपा पुरवणाऱ्या निर्मात्याने, बनवलेलं नाव, मान्य. नानुट मात्र हाडामांसाचा माणूस होता. 1932 चा जन्म, स्लोव्हेनियातल्या कानालचा. ल्युब्लियानाच्या रेडिओ वाद्यवृंदाचा कंडक्टर, तिथल्या संगीत अकादमीत प्राध्यापक.

आमच्या श्रवणमंडळात मी त्याचा बेथोव्हेन लावला, तेव्हा एक ज्येष्ठ सभासद पहिली मूव्हमेंट (रचनेचा पहिला भाग) संपायच्या आत म्हणाले, "असा माणूसच नाही, बंद करा." सगळ्यांनी मान डोलावली आणि खरोखर बंद केलं. वाजवणं कसं आहे, यावर एक शब्द नाही! जानेवारी 2017 मध्ये नानुट गेला, तेव्हा मी ती बातमी मंडळाच्या ग्रुपवर टाकली. उत्तर आलं, "असेल, पण वाजवलंय त्यानेच कशावरून?" मला याचा आजही राग येतो. स्वस्तातल्या लेबलवर नाव छापलं गेलं, एवढाच त्या माणसाचा गुन्हा.

ओळखायचं कसं, तर रेकॉर्डच्या मधल्या कागदी लेबलभोवतीच्या मोकळ्या पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स नंबर, म्हणजे रेकॉर्डच्या साच्याचा क्रमांक, बघा. संशय असलेल्या दुसऱ्या रेकॉर्डिंगशी प्रत्येक मूव्हमेंटची वेळ जुळवा, पण टर्नटेबलचा वेग आधी तपासा, तो चुकला तर वेळाही चुकतात. थेट प्रयोगाचं असेल तर प्रेक्षकांतला खोकला त्याच जागी येतो का ते ऐका, यासारखा पक्का पुरावा नाही.

आणि हो, नानुटच्या नावाने विकलेलं सगळंच त्याचं असेल, याची हमी मीही देत नाही. शोल्झच्या हातून गेलेल्या टेपांचा भरवसा नाही. पण म्हणून माणूसच नव्हता म्हणायचं? तुमच्याकडे ल्युब्लियानाच्या वाद्यवृंदाबरोबरचं त्याचं काही असेल, तर विकण्याआधी एकदा पूर्ण ऐका, कव्हर न बघता.