रशियन जनरलची वाट आणि एजंटचा करार

ताई, सप्रेम नमस्कार.

गडहिंग्लजहून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलाने नुकतीच अठरा पूर्ण केली, बारावी सायन्स झाली, घरी सैन्याची परंपरा. मोबाईलवर दिवसभर रशियन सेनापतींचे व्हिडिओ. आता कुणी एजंट सांगतोय की रशियन सैन्यात एक वर्षाचा करार कर, नागरिकत्व मिळेल, पुढे अधिकारी होशील. तुम्ही विरोध केलात की मुलगा म्हणतो, "मार्शल झुकोव्हसुद्धा साधा शिपाईच होता." तुम्ही विचारता, करारावर गेलेला परदेशी मुलगा खरंच अधिकारी होतो का?

होत नाही, ताई. रशियन कायद्यानुसार परदेशी नागरिक करारावर फक्त शिपाई आणि सार्जंटच्या दर्जाच्या पदांवर घेता येतो. अधिकारी व्हायला आधी रशियाचं नागरिकत्व हवं, आणि ते घेतलं की आपल्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे भारतीयत्व जातं. म्हणजे परत येऊन इथल्या सैन्यात जाण्याचा रस्ताही बंद.

दुसऱ्या महायुद्धातले सोव्हिएत सेनापती झुकोव्ह यांच्याबद्दल मात्र मुलाचं वाचन बरोबर आहे, त्याला उडवून लावू नका. १८९६ मध्ये कालुगा प्रांतातल्या स्त्रेल्कोव्का या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील जोडे शिवायचे. झुकोव्ह स्वतः पोरवयात मॉस्कोला मामाकडे फरचं काम शिकायला राहिले आणि १९१५ मध्ये झारच्या घोडदळात सक्तीने भरती झाले. पण पुढे काय काय घडलं, तेही त्याने वाचावं. १९१७ ला क्रांती झाली, जुन्या सैन्याची घडी मोडली, नव्या लाल सैन्याला कामगार-शेतकऱ्यांतून अधिकारी घडवायचे होते. तरीही झुकोव्ह यांना शिकावंच लागलं: १९२० मध्ये घोडदळाचा अभ्यासक्रम, १९२४-२५ मध्ये लेनिनग्राडची उच्च घोडदळ शाळा. तिथे त्यांच्याबरोबर रोकोसोव्स्की होते, तेही पुढे मार्शल झाले. मग १९३७-३८ मध्ये स्तालिनने स्वतःच्याच सेनापतींवर हत्यार उपसलं. पाच मार्शलांपैकी तिघांचा बळी गेला, शेकडो वरिष्ठ अधिकारी संपले, वरच्या जागा ओस पडल्या. १९३९ मध्ये मंगोलियातल्या खाल्खिन गोल इथे जपान्यांना हरवून झुकोव्ह नजरेत भरले ते या काळात. बर्लिन जिंकणाऱ्या या माणसाला १९४६ मध्ये ओडेसाला धाडून बाजूला केलं. १९५५ ला ते संरक्षणमंत्री झाले आणि १९५७ ला सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने त्यांना काढलं. त्या देशात जनरलचं भवितव्य रणांगणाइतकंच क्रेमलिनमध्ये ठरत आलंय, आणि ते व्हिडिओत दिसत नाही.

आज तिथे जनरल कसा घडतो? व्हालेरी गेरासिमोव्ह यांची वाटचाल त्याच्यासमोर ठेवा. जन्म १९५५, कझान. १९७१ मध्ये, म्हणजे सोळाव्या वर्षी, कझानच्या सुवोरोव्ह सैनिकी शाळेत. काळा गणवेश, पॅन्टला लाल पट्टी, पहाटेपासून शिस्त. तिथून कझानचीच रणगाडा अधिकाऱ्यांची उच्च शाळा. १९७७ ला लेफ्टनंट होऊन बाहेर पडले, पोलंडमधल्या सोव्हिएत फौजेत प्लाटून आणि कंपनी या छोट्या तुकड्या सांभाळल्या. मग पुन्हा वर्गात: रणगाडा दलाची मालिनोव्स्की अकादमी. डिव्हिजनची कमान, आणि पुन्हा वर्गात: १९९७ पर्यंत जनरल स्टाफ अकादमी. नंतर कॉकेशसमधली ५८वी आर्मी, लेनिनग्राड आणि मॉस्कोचे लष्करी विभाग, आणि २०१२ मध्ये चीफ ऑफ जनरल स्टाफ, म्हणजे रशियन सैन्यातलं सर्वोच्च लष्करी पद. सुवोरोव्ह शाळेपासून मोजली तर एक्केचाळीस वर्षं. यात एकही पायरी करारी शिपायाची नाही. आणि हेही त्याला सांगा, की युक्रेनमधल्या वीजकेंद्रांवरच्या हल्ल्यांबद्दल याच गेरासिमोव्ह यांच्यावर २०२४ च्या जूनमध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने अटक वॉरंट काढलंय.

तुमचे यजमान हवालदार म्हणून निवृत्त झालेत, त्यांना जवान आणि कमिशन मिळालेला अधिकारी यातला फरक समजवायला नको. रात्री जेवताना त्यांनीच मुलाला तो सांगावा. बापाच्या तोंडून ऐकलेलं माझ्या पत्रापेक्षा जास्त लागेल.

आता कराराचं. पुतिन यांच्या २१ सप्टेंबर २०२२ च्या आदेशानंतर रशियन सैन्यातले करार मुदत भरली तरी संपत नाहीत, ते पुढे चालू राहतात. "एक वर्ष" हा शब्द म्हणून फसवा आहे. मदतनीस, सुरक्षारक्षक अशी कामं सांगून नेलेली आपली मुलं युक्रेन युद्धाच्या आघाडीवर पोचली आणि त्यातली काही परत आली नाहीत. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने अशा एजंटांवर छापे घातले, त्यात मुंबईही होती. परराष्ट्र मंत्रालयाने या भरतीपासून लांब राहा असं वारंवार बजावलंय. मला तुमच्या मुलाची खरोखर काळजी वाटते.

त्याला हुकूम सोडायचाय, जबाबदारी घ्यायचीय. त्या ओढीला इथे जागा आहे. वय पाहता एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाची, एखादी, फार तर दोन संधी शिल्लक असतील. वर्षातून दोनदा यूपीएससीची लेखी परीक्षा होते, मग पाच दिवसांचं एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडीच्या चाचण्या आणि मुलाखत. तिथे 'कमांड टास्क' असतं: गटातले दोन साथीदार निवडून फळी आणि दोर यांच्या मदतीने अडथळा पार करायचा. मुलगा साथीदारांवर ओरडतो की त्यांना ऐकून घेतो, हे अधिकारी बारकाईने बघतात. त्यासाठी गणित आणि इंग्रजी आजपासून, आणि मोबाईलऐवजी मैदानावर चार मुलांना घेऊन काहीतरी उभं करणं. एनडीए हुकलं तर पदवीनंतर सीडीएस ही अधिकारी भरतीची परीक्षा आहे. पदवीसाठी पुण्यात गेला तर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन भाषा शिकावी, पुढे विद्यापीठाच्या संरक्षणशास्त्र विभागात एमए करता येईल. आपल्या सैन्यात रशियन बनावटीचे रणगाडे भरपूर आहेत, भाषा जाणणारा माणूस कुठेही वाया जात नाही.

एजंटला पासपोर्ट दिला असेल तर उद्याच परत मागा. पैसे दिले असतील तर पावत्या आणि मेसेज पुसू नका, ते घेऊन पोलिसांत तक्रार द्या. परदेशी कामाला पाठवणारा एजंट नोंदणीकृत आहे का, ते सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं. मुलाला माझ्याशी बोलायचं असेल तर अवश्य पाठवा, झुकोव्हचं पुस्तक सोबत आणलं तरी चालेल.