भाड्याच्या दुकानात ग्रॅनाइटचा काउंटर करावा का?

म्हापसा बाजाराजवळ सोडा, सरबते आणि सुका खाऊ विकणाऱ्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. दुकान भाड्याचे असून कराराची तीन वर्षे उरली आहेत. बारा फूट लांब, दोन फूट रुंद आणि साडेतीन फूट उंच असा जुना लाकडी काउंटर पाण्याने फुगला आहे. नव्या काउंटरसाठी त्यांच्याकडे तीन दरपत्रके आहेत : प्लायवूडवर सनमायका ४२,००० रुपये, विटांच्या बांधकामावर वरून आणि समोरून ग्रॅनाइट ८८,००० रुपये, आणि सॉलिड सरफेस, म्हणजे राळ व खनिज भुकटी यांचा कृत्रिम पृष्ठभाग, ज्याला बाजारात सरसकट कोरियन म्हणतात, १,६५,००० रुपये. बँकेत १,१०,००० रुपयांची मुदत ठेव आहे. ती मोडून ग्रॅनाइट बसवावा काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

आपण पाठवलेल्या प्रतींनुसार तिन्ही आकड्यांत जीएसटी धरलेला नाही. आपण कंपोझिशन योजनेत, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के जीएसटी भरण्याच्या छोट्या व्यापाऱ्यांच्या योजनेत, असल्यामुळे भरलेल्या कराची वजावट आपल्याला मिळणार नाही, म्हणजे १८ टक्के हा आपला खराच खर्च आहे. त्या हिशेबाने सनमायका ४९,५६० रुपयांना, ग्रॅनाइट १,०३,८४० रुपयांना आणि सॉलिड सरफेस १,९४,७०० रुपयांना पडतो. तिसरा पर्याय येथेच सोडून द्यावा. त्याचे सांधे दिसत नाहीत हे खरे, परंतु सोडा पिऊन पुढे जाणारे गिऱ्हाईक सांधे पाहत नाही.

उरलेल्या दोहोंची तुलना करताना कारागीर सांगतो ते ‘आयुष्यभर टिकेल’ हे वाक्य बाजूला ठेवावे, कारण ते आयुष्य दगडाचे असते, आपल्या कराराचे नसते. हाती असलेल्या तीन वर्षांवर खर्च वाटला, तर ग्रॅनाइट वर्षाला सुमारे ३४,६०० रुपयांना आणि सनमायका सुमारे १६,५०० रुपयांना पडतो. हेच दुकान दहा वर्षे राहणार असेल आणि त्या काळात सनमायकाचे काम दोनदा करावे लागेल असे धरले, तर सनमायकाचा वार्षिक खर्च ९,९१२ रुपये आणि ग्रॅनाइटचा १०,३८४ रुपये होतो. दुसऱ्या वेळी दुकान बंद ठेवल्याचे नुकसान त्यात मिळवले की ग्रॅनाइट बहुधा स्वस्त ठरतो. तेव्हा दगड निवडण्यापूर्वी घरमालकांना भेटावे आणि मुदतवाढीचे कलम लेखी मिळते का ते पाहावे. भाडेकरूने बसवलेल्या वस्तू जागा ताब्यात असेपर्यंत काढून नेण्याची आणि जागा मूळ स्थितीत परत देण्याची तरतूद १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहे, परंतु ती भाडेपट्ट्यासाठी आहे आणि करारात वेगळे ठरले असेल तर करार चालतो. आपला कागद ‘लिव्ह अँड लायसन्स’चा, म्हणजे केवळ जागा वापरण्याच्या परवानगीचा, असेल, तर त्या तरतुदीवर विसंबून राहू नये. शिवाय विटांवर सिमेंटने चिकटवलेला ग्रॅनाइट काढताना फुटतो, त्यामुळे हक्क असूनही हाती फारसे काही येत नाही.

माझा सल्ला असा की वरचा पृष्ठभाग आणि समोरची बाजू यांचा विचार वेगवेगळा करावा. ग्लास, बाटल्या, लिंबाचा रस आणि कोकम वरच्या चोवीस चौरस फुटांवर पडतात. समोरच्या बेचाळीस चौरस फुटांना पाय लागतात आणि खालून पुसण्याचे पाणी लागते, एवढेच. वरच्या भागासाठी ग्रॅनाइट योग्य आहे. स्वस्त पडतो म्हणून कडाप्पा किंवा शोभेसाठी संगमरवर घेऊ नये. दोन्ही मूलतः चुनखडीचे दगड आहेत आणि लिंबाच्या आम्लाने त्यांची झिलई जाऊन कायमचे डाग पडतात. स्टीलचा विचार असेल, तर ३०४ प्रतीचेच घ्यावे, कारण निकेल कमी असलेले २०२ प्रतीचे स्टील गोव्याच्या खारट, दमट हवेत लवकर गंजते.

हा ग्रॅनाइट विटांवर न बसवता गॅल्व्हनाइज्ड चौकोनी पाइपच्या सांगाड्यावर सिलिकॉनने बसवून घ्यावा. अठरा मिलिमीटर जाडीच्या चोवीस चौरस फुटांचे वजन सुमारे ११० किलो होते. सहा-सहा फुटांचे दोन तुकडे केले, तर एकेक सुमारे ५५ किलोचा होतो आणि दोघे-तिघे तो उचलू शकतात. दुकान सोडावे लागले, तर काउंटर आपल्याबरोबर येईल. समोर आयएस ७१० प्रतीच्या मरीन प्लायवर सनमायका पुरेसा आहे, मात्र प्लायच्या कडा पूर्ण बंद करून घ्याव्यात आणि खालच्या चार इंचांना ग्रॅनाइटची पट्टी लावावी. प्लाय फुगते ती कडेतून पाणी शिरल्यामुळे, आणि आपला जुना काउंटरही बहुधा तसाच गेला असावा. या कामाचे नवे दरपत्रक मागवावे आणि करासह ६५,००० रुपयांच्या वर जाऊ नये. त्याहून अधिक मागितले, तर साधा सनमायका करून तीन वर्षे काढणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

पैशाच्या सोयीबद्दल माझे मत स्पष्ट आहे : ठेव मोडू नये. ग्रॅनाइटचे मूळ दरपत्रक स्वीकारले, तर आपल्याकडे ६,१६० रुपये उरतात, आणि जून ते सप्टेंबर थंड पेयांचा खप घटतो तेव्हा भाडे काही घटत नाही. त्याऐवजी ठेवीवर कर्ज घ्यावे. त्याचा व्याजदर साधारणपणे ठेवीच्या दरापेक्षा एक ते दोन टक्के अधिक असतो आणि ऑक्टोबर ते मे या हंगामात ते फेडता येते. आयकरात आपण अनुमानित उत्पन्नाच्या योजनेखाली, म्हणजे उलाढालीचा ठरावीक हिस्सा नफा धरून, विवरण भरत असाल, तर घसाऱ्याची वेगळी वजावट मिळणार नाही, त्यामुळे ‘कर वाचेल’ म्हणून खर्च वाढवण्याचे कारण नाही. तरीही पैसे बँकेमार्फतच द्यावेत आणि बिल जपून ठेवावे.

काम शनिवारी सुरू करून पुढच्या गुरुवारपर्यंत संपवण्याची अट कारागिराला घालावी, म्हणजे शुक्रवारच्या बाजाराची विक्री बुडणार नाही. चतुर्थीच्या आधीच्या पंधरवड्यात मात्र ते हाती घेऊच नये. एकूण रकमेचा दहावा हिस्सा कडा आणि सांधे प्रत्यक्ष पाणी ओतून तपासल्यानंतरच द्यावा.