पोटाला चिमटा कुठे काढावा?

प्रश्न : नुकतंच ३० लाखांचं गृहकर्ज घेतलं. व्याज ८.५ टक्के, बदलत्या दराचं. मुदत २० वर्षं. वय ३८. बावन्नाव्या वर्षी नोकरी सोडून घरच्या आंब्याच्या बागेत लक्ष घालायचं आहे. गाडीचा बेत सोडला तर महिना ५,००० जास्तीचे भरता येतील. एवढ्याने फरक पडतो का? (वाचक, ठाणे)

उत्तर : पडतो, आणि तुमच्या बाबतीत नेमका हवा तेवढा. आज तुमचा हप्ता सुमारे २६,०३५ रुपये आहे. पहिल्या हप्त्यातले २१,२५० व्याजात जातात, मुद्दल फिटतं जेमतेम ४,७८५. त्यामुळे वरचे ५,००० थेट मुद्दलात गेले की मुद्दल फेडण्याचा वेग पहिल्याच महिन्यात दुपटीहून जास्त होतो. दर हाच राहिला तर कर्ज १३ वर्षं ८ महिन्यांत संपेल आणि पावणेबारा लाखांच्या आसपास व्याज वाचेल. तेव्हा तुम्ही बावन्नच्या आसपास असाल.

मात्र उशीर करू नका. आज भरलेला एक लाख साधारण ४ लाखांचं व्याज वाचवतो. तोच लाख पंधराव्या वर्षाच्या शेवटी भरलात तर जेमतेम ५० हजार वाचतील. ‘पगार वाढला की बघू’ म्हणणारे इथेच फसतात.

गाडीचं म्हणाल तर सोडाच. ८ लाखांचं कर्ज ९.५ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता १६,८०० च्या घरात जातो. पेट्रोल, विमा, पार्किंग वेगळंच. चहा-सिनेमा बंद करून एवढे पैसे कधीच सुटत नाहीत, उलट घरात चिडचिड वाढते. मुदतीचा आयुर्विमा आणि आरोग्यविमा यांना मात्र हात लावू नका. सहा महिन्यांचा घरखर्च, हप्ता धरून, आधी बाजूला ठेवा. बँकेत भरलेलं मुद्दल साध्या गृहकर्जात परत काढता येत नाही, आणि अडचणीत क्रेडिट कार्डावर महिना तीन-साडेतीन टक्के भरावे लागले तर वर्षाचे ८.५ टक्के वाचवून काय उपयोग?

घोळ होतो तो बहुधा बँकेत. जास्तीची रक्कम नुसती कर्जखात्यात टाकली तर ती पुढच्या हप्त्याची आगाऊ रक्कम म्हणून पडून राहू शकते. ‘ही अंशतः मुद्दलफेड आहे, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी’ असं लेखी द्या आणि नवं परतफेडीचं वेळापत्रक मागून घ्या. हप्ता कमी करून घेतलात तर महिन्याला हात सैल होईल, पण कर्ज वीस वर्षं मानगुटीवर राहील. वैयक्तिक, बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही. काही बँका ठरावीक रकमेपेक्षा कमी मुद्दलफेड घेत नाहीत. तसं असेल तर आवर्ती ठेव लावा आणि सहा महिन्यांनी एकदम भरा.

व्याजदर वाढला की बँक बहुतेकदा हप्ता तोच ठेवून मुदत लांबवते. म्हणून दर एप्रिलमध्ये कर्जखात्याच्या विवरणपत्रात उरलेले हप्ते मोजा. जुन्या करप्रणालीत असाल तर व्याजावरची २ लाखांपर्यंतची वजावट पुढे कमी होत जाईल, पण कर वाचावा म्हणून व्याज भरत राहणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

कर्ज फिटल्यावर मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत मिळायला हवीत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा नियम आहे.