वाचकांचे प्रश्न : गणनेच्या पुस्तकातील आकडे कशासाठी?

प्रश्न : बायबलमधील ‘गणना’ या पुस्तकात इस्राएलाच्या वंशावंशांचे आकडे पानेच्या पाने दिले आहेत. आमच्या मंडळातील पुष्कळ जण ती पाने उलटून पुढे जातात. या नोंदींना काही अर्थ आहे का? आणि मोशेने केलेली मोजणी आज्ञेने झाली, तर दावीद राजाने केलेली मोजणी पाप का ठरली?
— एक वाचक, नवापूर

उत्तर : या याद्यांकडे आपण आजच्या जनगणनेच्या नजरेने पाहतो, म्हणून त्या कोरड्या वाटतात. सीनायच्या रानातील पहिल्या मोजणीत वीस वर्षांचे व त्याहून मोठे, लढाईस जाण्याजोगे पुरुष तेवढे धरले आहेत. निवासमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या सेवेमुळे लेवी वंशाचे लोक त्यातून वगळले असून त्यांची गणती निराळी केली आहे. एकूण आकडा ६,०३,५५० येतो. बायकामुले धरल्यास हा जमाव वीस लाखांच्या पुढे जातो आणि तो त्या रानात जगला कसा, हा प्रश्न अभ्यासकांनी वारंवार विचारला आहे. माझ्या मते त्या वादात गुंतून पडल्यास यादीचा हेतू नजरेआड होतो.

तो हेतू सव्विसाव्या अध्यायात उघड होतो. यार्देनेकाठी, मवाबाच्या मैदानात पुन्हा मोजणी झाली आणि एकूण ६,०१,७३० पुरुष भरले, म्हणजे पहिल्यापेक्षा जेमतेम १,८२० कमी. मात्र पहिल्या यादीतील माणसांपैकी कालेब आणि यहोशवा हे दोघेच उरले होते. बेरीज जवळपास तीच राहिली तरी आतले आकडे खूप हलले. मनश्शे वंशाचे ३२,२०० होते ते ५२,७०० झाले, तर शिमोनाचे ५९,३०० होते ते २२,२०० वर आले. ही घट का झाली, हे यादी सांगत नाही. मात्र आदल्याच अध्यायात पेओर येथील पापामुळे आलेल्या मरीत २४,००० माणसे मेल्याचे आणि मारल्या गेलेल्या जिम्री नावाच्या शिमोनी सरदाराचे वर्णन आहे, त्यामुळे दोहोंचा संबंध जोडला जातो. घट नुसती कागदावर राहिली नाही, कारण मोजणी संपताच आज्ञा होते की मोठ्या वंशाला मोठे आणि लहान वंशाला लहान वतन द्यावे, आणि जागा चिठ्ठ्या टाकून ठरवावी. पुढे यहोशवाच्या पुस्तकात शिमोनाला यहूदाच्या वतनातच वाटा मिळालेला दिसतो.

याच यादीत मनश्शेच्या कुळांची नोंद होताना मध्येच पाच मुलींची नावे येतात : महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. त्यांचा बाप सलाफहाद याला मुलगा नव्हता. वाटणीच्या यादीत बापाचे नावच बुडणार, हे ओळखून त्या मोशे, एलाजार याजक आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहून वाटा मागतात आणि त्यांना तो मिळतो. शेवटच्या अध्यायात त्यांच्या कुळाचे वडीलधारे तक्रार घेऊन येतात की या मुली दुसऱ्या वंशात दिल्या तर जमीनही तिकडे जाईल. तेव्हा त्यांनी आपल्याच वंशात लग्न करावे असे ठरते. तलाठ्याकडे वारसनोंद करताना बहिणींच्या नावावरून भावकीत काय काय होते, हे आपल्या खान्देशातल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

आता दावीद. ‘निर्गम’ या पुस्तकाच्या तिसाव्या अध्यायाप्रमाणे लोक मोजताना प्रत्येकाने आपल्या जिवाची खंडणी म्हणून अर्धा शेकेल (चांदीचे एक वजन) द्यायचा, श्रीमंताने जास्त नाही आणि गरिबाने कमी नाही, म्हणजे मोजणीमुळे मरी येणार नाही. दावीदाच्या मोजणीत त्या खंडणीचा उल्लेख नाही, वतनाची वाटणीही नाही; राजाला आपले तलवारबहाद्दर किती हे हवे होते. सेनापती योआबालाही ते पटले नव्हते. नऊ महिने वीस दिवसांनी त्याने आकडे आणले आणि पुढे मरीत ७०,००० माणसे मेली. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाप्रमाणे योआबाने लेवी आणि बन्यामीन यांची मोजणी केलीच नाही, आणि जी संख्या हाती आली तीही दावीद राजाच्या बखरीत नोंदली गेली नाही.