कवितेतला 'मी' म्हणजे कवीच असतो का? निवेदकाचा दृष्टिकोन कसा ओळखायचा?

नेहमीच नसतो. आणि असला, तरी तसं गृहीत धरून वाचायला बसू नये. 'कवीला काय म्हणायचंय' हे आपण फार लवकर विचारतो. त्याआधी कोण बोलतंय, कोणाशी आणि कुठल्या अवस्थेत, ते बघा.

एकनाथांचं भारूड घ्या: 'सत्वर पाव गे मला, भवानीआई रोडगा वाहीन तुला'. बोलणारी सासुरवाशीण आहे. देवीला नवस बोलते, पण मागणं काय? सासरा गावी गेलाय, 'तिकडेच खपवी त्याला'! मग सासू, जाऊ, नणंदेचं पोर, नवरासुद्धा. ऐकणारे हसतात, तिची चीडही पटते, आणि शेवटी येतं: 'एका जनार्दनी सगळेच जाऊ दे, एकटीच राहू दे मला'. 'एका जनार्दनी' ही नाथांची नाममुद्रा, म्हणजे रचनेत गुंफलेली स्वतःच्या नावाची खूण. 'एकटीच' म्हणणारी मात्र ती बाई. दोघं एकाच ओळीत! तिला घरच्या जाचातून सुटायचंय, नाथ बोलताहेत प्रपंचाच्या पाशांबद्दल. हा दुसरा अर्थ तिच्या गावीही नाही, आणि माझ्या मते म्हणूनच तिचं बोलणं इतकं खरं वाटतं. स्वतः गृहस्थाश्रमी असलेल्या नाथांचं हे वैयक्तिक गाऱ्हाणं समजलात, तर सगळंच हातचं गेलं.

मराठीत एक सोय आहे: 'मी गेलो', 'मी गेले' यावरूनच बोलणारा कळतो. 'गे', 'वो', 'बा' अशा हाकांवरून ऐकणाराही कळतो. मी आधी तेच शोधतो. कवितेत 'मी' नसेल तर विशेषणं, क्रियापदं बघा. 'झाड वाळलंय' ही माहिती झाली. 'झाड थकलंय' म्हटलं की बघणाऱ्याचं मन दिसतं.

अजून एक करून पाहा. ज्ञानेश्वरांच्या विराणीत, म्हणजे विरहाच्या गाण्यात, विरहिणी म्हणते, 'चंदनाची चोळी माझें सर्व अंग पोळी'. चंदन खरं तर थंड, पण विरहात तिला ते भाजतंय, आणि वाचताना आपणही ते मान्य करतो. आता 'माझें'च्या जागी 'तिचे' घालून ओळ मोठ्याने म्हणा. लगेच आपण बाहेर उभे राहून तिच्याकडे बघू लागतो, आणि चंदनाने कुणाचं अंग पोळतं का, अशी शंकाही येते.